कँटनचे जुने फूलचित्र: आधी कागद ओळखा, मग फूल

विचारणा थोडक्यात अशी: घरातल्या जुन्या सामानात काचेच्या फ्रेममध्ये एक चिनी चित्र निघाले. एक फांदी, दोन मोठी गुलाबी फुले, एक कळी. पाने निळसर दिसतात, एका फुलाच्या पाकळ्यांच्या कडा करड्या-काळ्या पडल्या आहेत, खालच्या कोपऱ्यात चिनी अक्षरे आणि पेन्सिलीने लिहिलेला आकडा आहे. हे हाताने काढलेले आहे की छापील, साधारण किती जुने आणि येत्या पावसाळ्यात त्याचे काय करायचे?

वर्णनावरून फूल मुदानचे, म्हणजे झुडूपवजा वाढणाऱ्या पिओनीचे वाटते. पण फुलावरून चित्राचे वय ठरवायला जाऊ नका. मुदान, कॅमेलिया आणि शेवंती ही तीन फुले चिनी चित्रकारांनी शतकानुशतके काढली आहेत, आजही काढतात. वय सांगतो तो कागद, आणि त्याच्या खालोखाल रंग. पुढे चित्राला माउंटवर, म्हणजे फ्रेममधल्या आधाराच्या पुठ्ठ्यावर, कसे धरायचे, ओल चालेल का, काच किती दूर ठेवायची, हे सगळेही कागदावरच ठरते. म्हणून फ्रेम उघडण्याआधी तीन गोष्टी करा: खिडकीतल्या उजेडात समोरून आणि मागून फोटो काढा, टॉर्च अगदी बाजूने धरून एक तिरप्या उजेडातला फोटो काढा, आणि चित्र काचेला कुठे चिकटले आहे का ते बघा. चिकटले असेल तर इथेच थांबा. ते सोडवणे घरचे काम नाही.

आता असली चित्रे बनत कशी, ते आधी सांगतो, कारण तपासणीची खूण त्यातच आहे. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकच बंदर खुले होते: कँटन, आजचे ग्वांगझू. परदेशी वखारींच्या मागच्या गल्ल्यांत चित्रकारांची दुकाने होती. तिथे बंदरांची दृश्ये, कारागिरांची चित्रे, पक्षी, फुले, जे मागाल ते मागणीप्रमाणे मिळे. वनस्पतींची शास्त्रीय चित्रे हा त्यातला वेगळा, महागडा प्रकार. जॉन ब्रॅडबी ब्लेक या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने 1770च्या सुमारास माक साउ या चित्रकाराकडून अशी चित्रे करून घेतली. ती आता अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ओक स्प्रिंग गार्डन फाउंडेशनकडे आहेत. त्यानंतर जॉन रीव्हज. हा त्याच कंपनीचा चहा-परीक्षक 1812 मध्ये चीनला पोहोचला आणि 1831 मध्ये निवृत्त होऊन परतला. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीसाठी त्याने शेकडो चित्रे काढवून घेतली, आणि त्याच्या टिपणांत आकुट, आकाम, आक्यू, आसुंग अशी चित्रकारांची नावे सापडतात. इतकी नावे टिकून राहणे या व्यवसायात दुर्मीळच. म्हणून विक्रेता तुमच्या चित्राला एखाद्या नामांकित कँटनी चित्रकाराचे नाव जोडत असेल, तर पुरावा मागा. बहुतेक वेळा तो नसतो.

रीव्हजने सोसायटीसाठी एक आणि स्वतःसाठी एक अशा प्रती करवल्या होत्या. दुकानांतही एका नमुन्यावरून अनेक प्रती निघत. तेव्हा तुमच्यासारखेच चित्र एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दिसले, म्हणून तुमचे नकली ठरत नाही. आणि अस्सलही ठरत नाही.

पहिली तपासणी कागदाची. दहापट भिंग घ्या, फुलाच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत बघा. तीन शक्यता आहेत.

तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग मखमली आणि किंचित चकाकणारा आहे, प्रकाशासमोर धरला तर दुधाळ अर्धपारदर्शक दिसतो आणि भिंगातून बारीक पेशींची जाळी दिसते, तर तो कागदच नव्हे. तो तेत्रापॅनाक्स पॅपिरिफर या दक्षिण चीन व तैवानमधल्या झाडाच्या खोडातला भेंडा, म्हणजे आतला मऊ गाभा, आहे. भेंड्याचा लांब दंडगोल फिरवत धारदार सुरीने त्याची सलग पातळ पट्टी सोलून काढतात. बाजारात याला तांदळाचा कागद म्हणतात, पण तांदळाचा इथे काहीही संबंध नाही. खोडाच्या जाडीमुळे हे ताव लहान असतात, साधारण 30 × 20 सेंटिमीटरच्या पुढे क्वचित जातात, आणि अल्बमच्या पानावर चारही बाजूंनी फिक्या निळ्या रेशमी फितीने बसवलेले असतात. भेंड्यावरची चित्रे 1820 नंतर प्रवाशांसाठी मोठ्या प्रमाणावर निघू लागली. सुंदर असतात, पण बहुतांश आठवण म्हणून विकत नेण्याचा माल. फुलाशेजारी फुलपाखरू असेल तर जवळजवळ नक्कीच.

दुसरी शक्यता युरोपीय कागदाची. शास्त्रीय मागणीची चांगली चित्रे बरेचदा जहाजातून आणलेल्या जाड, गुळगुळीत इंग्रजी कागदावर काढलेली असतात. प्रकाशासमोर धरल्यावर ‘जे व्हॉटमन’ हे इंग्रजी कागदवाल्याचे नाव आणि साल अशी पाणखूण (कागदातच उमटवलेली खूण) दिसली, तर हाती मोठा धागा लागला. इंग्रजी कागदावर साल घालण्याची पद्धत 1794च्या करविषयक कायद्यानंतर पसरली. मात्र पाणखुणेतले साल ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगते. कागद जहाजाने जायचा, गोदामात पडून राहायचा, मग वापरला जायचा.

तिसरी शक्यता चिनी कागदाची: पातळ, मऊ, बांबूच्या चाळणीच्या अगदी जवळजवळच्या बारीक रेषा असलेला, बहुधा दोन थर एकमेकांवर चिकटवलेला. चिनी कागद कच्चा असतो तोवर रंग शोषून घेतो. बारीक कामासाठी त्यावर सरस आणि तुरटीचे पाणी फिरवून तो ‘पिकवावा’ लागतो. जुने प्रमाण उन्हाळ्यात सात भाग सरसाला तीन भाग तुरटी, हिवाळ्यात दहा भाग सरसाला तीन भाग तुरटी. तुरटी कमी पडली तर रंग पसरतो. जास्त झाली तर कागदावर बारीक चमकणारे कण दिसतात, आणि पुढच्या शंभर वर्षांत तुरटीतल्या आम्लाने कागद पिवळा व ठिसूळ होतो. कडा हात लावताच मोडत असतील, तर दोष बरेचदा या तुरटीचा असतो.

कागद कळला की एक स्वस्त चाचणी: 365 नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. 395चा स्वस्त टॉर्च नको, त्याचा जांभळा उजेडच सगळीकडे दिसत राहतो. अंधाऱ्या खोलीत काही सेकंद पुरे. कागद झगझगीत निळसर-पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायने आहेत, म्हणजे कागद साधारण 1950 नंतरचा. पुढची चर्चाच संपली. पांढरा रंग पिवळट-हिरवा चमकला तर जस्ताचा सफेदा असण्याची शक्यता. जलरंगात तो 1834 पासून विकला जाऊ लागला. पण एखाद्याच पाकळीवर तसे दिसले, तर ती नंतर कुणीतरी केलेली डागडुजी असू शकते. मूळ काम म्हणण्याआधी सगळ्या पाकळ्या तपासा.

छापील की हाताचे, हेही त्याच भिंगाने कळते. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर आधुनिक छपाई. किड्यांच्या वाटांसारखा वळवळता बारीक कण दिसला तर कोलोटाइप ही छपाईची पद्धत, जी जुनी चित्रे छापण्यासाठी भरपूर वापरली गेली आणि नुसत्या डोळ्यांना सहज फसवते. हाताच्या कामात रेषेची जाडी श्वासागणिक बदलते आणि रेषा जिथे सुरू होते तिथे शाई जरा जमलेली असते. तिरप्या उजेडात पुंकेसरांकडे बघा. चिनी चित्रकार फुलाच्या मध्यातले पिवळे ठिपके पांढऱ्यात कालवलेल्या दाट रंगाने देतो, ते कागदावर उभे राहतात आणि त्यांची सावली पडते. हा उठाव छपाईत येत नाही.

रंगकामाचा क्रमही समजून घ्या. आधी पातळ शाईने बाह्यरेषा, बहुधा खाली धरलेल्या कच्च्या आराखड्यावरून. मग हलके थर. चित्रकार एकाच हातात दोन कुंचले धरतो, एकात रंग, दुसऱ्यात नुसते पाणी. पहिल्याने पाकळीच्या बुडाशी रंग टेकवायचा आणि तो सुकण्याआत दुसऱ्याने कडेकडे ओढत विरवायचा. असे अनेक थर, आणि मधूनमधून तुरटीचे पाणी, म्हणजे खालचा थर वरच्यात मिसळत नाही. पाकळीत पांढऱ्यापासून गुलाबीपर्यंतचा उतार कुंचल्याच्या खुणेशिवाय गेलेला दिसतो, तो या पद्धतीमुळे. नकलेत नेमके हेच जमत नाही. तिथे गुलाबी एकाच ओल्या हाताने दिलेला असतो आणि कडेला पाणी सुकल्याची गडद रेघ राहते.

शास्त्रीय मागणी आणि शोभेचे चित्र यांत फरक करायचा तर पानांवर वेळ घाला. मुदानचे पान तीनतीनच्या दोन टप्प्यांत विभागलेले असते आणि टोकाची पर्णिका पुन्हा तीन खंडांची. शोभेच्या चित्रात पाने फुलाला उठाव देण्यापुरती असतात आणि ती मांडणी मोडलेली दिसते. ग्राहक वनस्पतिशास्त्र जाणणारा असेल तर पानाची मागची बाजू एकदा तरी वळवून दाखवलेली असते, किड्याने खाल्लेली कडाही जशीच्या तशी येते, आणि कधी खाली कापलेले फूल, बीजकोश वेगळे काढलेले असतात. ही विच्छेदने चिनी परंपरेतली नव्हेत; वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसच्या पद्धतीने फुलाचे भाग मोजणाऱ्या युरोपीय ग्राहकाने मागितली म्हणून आली. मुदानबाबत एक अडचण होती. कँटनचे हवामान तिला फार उबदार, म्हणून झाडे दर हिवाळ्यात उत्तरेकडून आणली जात, एकदा फुलत आणि मग टाकून दिली जात. त्यामुळे कँटनच्या मुदान-चित्रांत फूल समोर ठेवून काढलेले असते, आणि फळ किंवा मुळे मात्र क्वचितच दिसतात.

आता तुमच्या निळ्या पानांकडे. ती मुळात निळी नव्हती. चिनी चित्रकार हिरवा रंग बरेचदा निळीत गॅम्बोज नावाचा पिवळा डिंकरंग मिसळून करतो. गॅम्बोज उजेडात उडतो, नीळ मागे राहते. खात्री करायची असेल तर माउंटच्या खाली झाकली गेलेली एखादी पानाची कड शोधा. तिथे मूळ हिरवा अजून असेल. ही झाकलेली पट्टी म्हणजे तुमच्या चित्राचा सर्वांत मोलाचा भाग समजा. कुणी फ्रेमवाला ‘कडा सरळ करून देतो’ म्हणाला तर चित्र तिथून उचलून आणा.

पाकळ्यांच्या काळ्या कडा म्हणजे मळ नव्हे, बुरशीही नव्हे. तो शिशाचा सफेदा आहे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडने त्याचे काळे लेड सल्फाइड होते. सफेदा पातळ असेल तिथे, म्हणजे कडांना, हे आधी दिसते. मुंबईत खाडीच्या किंवा नाल्याच्या जवळच्या घरात चांदीची भांडी लवकर काळी पडतात, त्याच हवेत हेही होते. संवर्धक, म्हणजे जुन्या कलावस्तू दुरुस्त करणारा जाणकार, हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून या काळ्याचे पांढरे लेड सल्फेट करू शकतो, पण अगदी नेमक्या जागी, कागद भिजू न देता आणि शेजारच्या गुलाबीला धक्का न लावता. मेडिकलच्या दुकानातली बाटली आणि कापसाचा बोळा हा उपाय नाही. त्याने गुलाबी उडेल आणि भोवती पाण्याचे तपकिरी वळे राहील. भेंड्यावर तर पाण्याचा थेंबसुद्धा नको: ओली झालेली जागा फुगते आणि सुकताना तडकते.

चित्र मागून बघण्याची संधी मिळाली तर आणखी एक खूण शोधा. पुढे जिथे हिरवी पाने आहेत, नेमक्या तिथेच मागे तपकिरी सावली उमटली असेल तर हिरव्यात जंगालासारखा तांब्याचा रंग आहे आणि तो कागद जाळत चालला आहे. दळलेल्या मॅलकाइट दगडाचा हिरवा तुलनेने शांत असतो. डोळ्यांनी हे दोन वेगळे करता येत नाहीत. एक्स-किरण वापरणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने चित्राला स्पर्श न करता मूलद्रव्ये कळतात: शिसे, तांबे, पारा, जस्त. तांबे आणि आर्सेनिक एकाच हिरव्यात एकत्र सापडले, तर तो बहुधा 1814 नंतर कारखान्यात बनू लागलेला एमराल्ड हिरवा. हे रंग विषारी आहेत, म्हणून रंग सुटत असलेल्या चित्राला हात लावल्यावर हात धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

सर्वत्र विखुरलेले तांबूस ठिपके निराळे. ते ओलीने येतात, आणि स्थिर असतील तर त्यांना हात न लावणे हेच बहुधा योग्य. बुरशी मात्र तिरप्या उजेडात लवदार दिसते. ती ब्रशने झटकलीत तर बीजाणू सगळ्या चित्रावर पसरतील. आधी चित्र कोरड्या खोलीत न्या, बुरशी वाळून निष्क्रिय होऊ द्या, मग जाणकाराला दाखवा.

पावसाळ्याची व्यवस्था. कागदाला 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते. 65च्या वर सतत राहिली की बुरशीचा धोका सुरू होतो, आणि कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर ती 80च्या वर असते. एक साधा डिजिटल आर्द्रतामापक विकत घ्या आणि महिनाभर खोलीत ठेवा, त्याशिवाय कुठलाही उपाय म्हणजे अंदाज. खोलीची आर्द्रता आवरत नसेल तर चित्र घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पेटीत आडवे ठेवा. सिलिका जेलचे प्रमाण घनमीटरला 20 किलो, म्हणजे 20 लिटरच्या पेटीला 400 ग्रॅम. इथे एक चूक नेहमी होते: जेल भट्टीत पूर्ण वाळवून लगेच पेटीत घालतात. तेवढे कोरडे जेल आर्द्रता फार खाली नेते, आणि भेंड्याचा ताव वळून चिरतो. जेल आधी 50 टक्क्यांच्या आसपासच्या हवेत पसरून, अधूनमधून हलवून, त्याचे वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, मग पेटीत घाला. नॅप्थलीनच्या गोळ्या नकोत. त्यांची वाफ रंगांवर आणि रेशमी फितीवर बसते. कसर आणि झुरळांवर खरा उपाय स्वच्छ, कोरडी जागा हाच.

भिंतीवर लावायचेच असेल तर पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत सोडा, स्वयंपाकघराची भिंत सोडा. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे 5 मिलिमीटर जाडीचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. उजेड 50 लक्सपर्यंत (लक्स हे उजेडाचे माप), आणि वर्षातले काही महिने चित्र काढून ठेवायचे. दिव्याखाली उजळून दिसणारे फूल तिथेच उडत असते.

फ्रेमबद्दल जरा अधिक, कारण बहुतेक नुकसान इथेच होते. मागचा हार्डबोर्ड, प्लाय किंवा पिवळट पुठ्ठा काढून टाकायचा. त्यातले आम्ल चित्रात उतरते आणि माउंटच्या खिडकीभोवती तपकिरी चौकट उमटते. माउंट कापसाच्या लगद्याच्या बोर्डाचे घ्या. काच आणि चित्र यांत कागदासाठी किमान 2 मिलिमीटर अंतर, भेंड्यासाठी 4 ते 5, कारण तो हवेप्रमाणे लाटांसारखा उठतो आणि दमट हवेत काचेला चिकटला तर रंग काचेवरच राहतो. अ‍ॅक्रिलिक वजनाला हलके, पण त्यावर स्थिर विद्युत जमते आणि पुंकेसरांचे सुटू लागलेले पिवळे कण ते ओढून घेते. अशा चित्राला अतिनील किरण अडवणारी काचच बरी.

कागदी चित्र माउंटला फक्त वरच्या कडेला, दोन बिजागऱ्यांनी टांगायचे. बिजागरी जपानी टिश्यूची, चिकट म्हणजे गव्हाच्या स्टार्चची खळ: एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत, थंड झाल्यावर गाळून, मग दाट दह्याइतकी सैल. कणीक नको, तिच्यातले ग्लुटेन कसरीला बोलावते. चारही कडा चिकटवल्या तर पावसाळ्यात फुगलेला कागद हिवाळ्यात आक्रसताना मधोमध फाटतो. भेंड्याला थेट बिजागरी लावायचीच नाही. तो जुन्या अल्बमच्या पानावर फितीसह असेल तर पानाला बिजागरी लावा आणि फीत राहू द्या. पांढरा डिंक, दुहेरी टेप आणि लॅमिनेशन, तिन्ही वर्ज्य. लॅमिनेट झालेले भेंड्याचे चित्र कुणालाही परत मिळवून देता येत नाही.

तुमच्या चित्रातला पेन्सिलीचा आकडा पुसू नका. मागणीच्या चित्रांवर असे क्रमांक असत आणि ते सोबतच्या यादीशी जुळत. चिनी अक्षरांत बहुधा झाडाचे स्थानिक नाव असते. लाल शिक्का नसेल तर निराश होऊ नका, निर्यातीच्या कामावर तो बरेचदा नसतोच.

एक गोंधळ महाराष्ट्रात वारंवार होतो म्हणून सांगतो. घरातले जुने वनस्पतिचित्र चिनी असेलच असे नाही. पुण्याजवळ दापोडीला अलेक्झांडर गिब्सनच्या बागेत 1840च्या दशकाच्या अखेरीस वनस्पतींची चित्रे काढली गेली, ती आता एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तशाच धाटणीचे इथले काम युरोपीय कागदावर असते आणि आपल्याकडच्या झाडांचे असते. उलट मुंबईचे व्यापारी कापूस आणि अफू घेऊन कँटनला जात आणि रेशीम, चिनी मातीची भांडी, चित्रे घेऊन येत, त्यामुळे मुंबईच्या जुन्या घरात खरे कँटनी चित्र निघणेही मुळीच अशक्य नाही. मुदान इथे उगवत नाही, तेवढ्यावरून तुमचे चित्र दुसऱ्या गटात जाते. पण आधी कागद बघा.

शेवटी कायद्याचे. शंभर वर्षांहून जुने चित्र 1972च्या पुरातन वस्तू कायद्याखाली येऊ शकते. परदेशी राहणाऱ्या मुलाकडे बॅगेतून पाठवायचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे चौकशी करा, कस्टममध्ये अडकल्यावर नव्हे. दुरुस्तीसाठी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे. तिथे विचारताना सुरुवातीला काढलेले तीन फोटो, चित्राची लांबी-रुंदी आणि कागदाबद्दल भिंगातून जे दिसले ते लिहून पाठवा. चित्र प्रत्यक्ष नेताना फ्रेमसकट, आडवे, पावसाची उघडीप बघून न्या, आणि गाडीत ते मांडीवर ठेवा, डिकीत नको.